तेरावा क्रमांक आणि निपाणीकडची उंच मुले

रिओ ऑलिंपिकमध्ये १३ ऑगस्ट २०१६ रोजी दत्तू बबन भोकनळ या मराठी सैनिकाने पुरुषांच्या एकेरी नौकानयनातील ‘क’ गटाची अंतिम शर्यत जिंकली. २००० मीटरचे अंतर त्याने ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत कापले आणि एकूण स्पर्धेत तेरावा क्रमांक मिळवला. पुढच्या आठवड्यात साक्षी मलिकचे कांस्य आणि सिंधूचे रौप्य आले, त्या आनंदात ही बातमी मागे पडली. ते स्वाभाविकच होते. मात्र मी निपाणी परिसरातील एका मराठी हायस्कुलात शारीरिक शिक्षण शिकवतो आणि माझ्या वर्गात दरवर्षी पाच-सहा अशी उंच, लांब हातांची, चिवट मुले येतात की त्यांच्याकडे पाहताना मला तो तेरावा क्रमांक हटकून आठवतो. दत्तूचे आयुष्य आमच्या सीमाभागातल्या मुलांच्या आयुष्याशी किती जुळते, हे मला आज सविस्तर लिहायचे आहे.

आधी त्या क्रमांकाविषयी. नौकानयनात अंतिम शर्यत एकच नसते. पहिले सहा जण ‘अ’ अंतिम शर्यतीत उतरतात, सातवा ते बारावा क्रमांक ‘ब’ शर्यतीत ठरतो आणि तेरावा ते अठरावा ‘क’ शर्यतीत. म्हणजे ‘क’ शर्यत जिंकणाऱ्याला तेराव्या क्रमांकाच्या वर जाणे शक्यच नसते. त्याच्या हाती जे उरलेले असते त्यातले सर्वोत्तम त्याने मिळवलेले असते. त्याच दिवशी न्यूझीलंडच्या माहे ड्रायस्डेलने ६ मिनिटे ४१.३४ सेकंदांत सुवर्ण जिंकले. क्रोएशियाच्या दामिर मार्टिनची वेळही शंभराव्या भागापर्यंत तंतोतंत तीच होती आणि निकाल छायाचित्रावरून द्यावा लागला. ड्रायस्डेल आणि दत्तू यांच्या वेळांत १३.६२ सेकंदांचा फरक होता. ड्रायस्डेलच्या नावावर तेव्हा एक ऑलिंपिक सुवर्ण आणि पाच जागतिक अजिंक्यपदे होती, तर दत्तूने वल्हे हातात धरल्याला जेमतेम चार वर्षे झाली होती. हा फरक वाचताना हे दोन्ही तपशील शेजारी शेजारी ठेवावे लागतात.

दत्तू नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा. त्याचा जन्म ५ एप्रिल १९९१ चा. चांदवडचा हा पट्टा पाण्यासाठी तरसणारा. पावसाळा सरला की गावोगाव टँकरची वाट पाहिली जाते. वडील विहिरी खोदण्याच्या कामावर जात आणि शाळकरी वयातच दत्तूही त्यांच्याबरोबर जाऊ लागला. विहिरीचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत. सुरुंगाने फुटलेला दगड पहारेने सुटा करायचा, भरायचा, वर पाठवायचा आणि पुन्हा खाली वाकायचे, असा दिवसभराचा क्रम असतो. कंबर, मांड्या आणि खांदे यांना क्षणाची उसंत नसते. २०११ मध्ये वडील गेले. घरचा मोठा मुलगा म्हणून संसाराचा भार त्याच्यावर आला. त्याने पेट्रोल पंपावरही काम केले आणि २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला.

तो दाखल झाला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, म्हणजे आपल्याकडे सर्रास ज्याला ‘खडकीचे बीईजी’ म्हणतात तिथे. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव तालुका, पलीकडचे चंदगड आणि गडहिंग्लज या पट्ट्यात अशी गावे शोधावी लागतील की जिथला कुणी मराठा लाइट इन्फन्ट्रीत किंवा बीईजीत नाही. दत्तूची गोष्ट आमच्यापासून फार लांब नाही, ती याच कारणाने. प्रशिक्षणाच्या काळात तिथल्या प्रशिक्षकांची नजर त्याच्या उंचीवर पडली. सहा फुटांच्या बरीच वर असलेली उंची, लांब हातपाय आणि कष्टांनी घडलेली पाठ पाहून त्यांनी त्याला नौकानयनाकडे वळवले. तोवर त्याने शर्यतीची नौका पाहिलेलीही नव्हती आणि सुरुवातीला त्याला पाण्याची भीतीच वाटत असे. वयाच्या एकविसाव्या वर्षी, भीती मनात असताना, तो एका अशा खेळात उतरला की ज्यात युरोपातील मुले चौदाव्या-पंधराव्या वर्षी सुरुवात करतात.

या खेळाची रचना समजून घेतल्याशिवाय उंचीला एवढे महत्त्व का, हे कळत नाही. एकेरी शर्यतीची नौका सुमारे आठ मीटर लांब असते, पण पाण्यावर टेकणारी तिची रुंदी जेमतेम एका फुटाची असते. नियमानुसार तिचे वजन १४ किलोपेक्षा कमी असून चालत नाही, आणि बहुतेक नौका त्याच्या आसपासच असतात. पेरणीच्या दिवसांत आमच्याकडची नववीतली मुले याहून जड पोते सहज खांद्यावर घेतात. ही नौका पाण्यावर आपणहून स्थिर राहत नाही. दोन्ही बाजूंना पसरलेली वल्हीच तिला तोलून धरतात, त्यामुळे वल्हे सोडले की माणूस पाण्यात. बसायची सीट चाकांवर मागे-पुढे सरकते आणि बूट पुढच्या फळीला पक्के बसवलेले असतात. खेळाडू अंतिम रेषेकडे पाठ करून बसतो. त्याला दिसतात ते मागे पडलेले प्रतिस्पर्धी. पुढे गेलेला दिसत नाही, त्याच्या वल्ह्यांचा आवाज फक्त कानांवर येतो.

पाहणाऱ्याला वाटते की हा हातांचा खेळ आहे. प्रत्यक्षात सर्वांत जास्त ताकद पायांतून येते. गुडघे छातीशी घेऊन खेळाडू पुढे सरकतो, हात लांबवून वल्ह्याचे पाते पाण्यात टाकतो, मग पायांनी फळीला रेटा देतो; पाय सरळ होत आले की पाठ मागे जाते आणि सर्वांत शेवटी कोपरे वाकून हात छातीशी येतात. पाते पाण्याबाहेर निघाले की मनगटाने ते आडवे करायचे, म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी होतो, आणि नौकेला धक्का लागू न देता पुन्हा पुढे सरकायचे. हे सगळे मिनिटाला तीस ते चाळीस वेळा. पूर्ण शर्यतीत असे दोनशेहून अधिक फटके होतात. ज्याचे हात आणि पाय लांब, त्याचा प्रत्येक फटका पाण्यात जास्त अंतर राहतो; एका फटक्यात मिळालेले चार बोटांचे जास्तीचे अंतर शर्यत संपेपर्यंत कित्येक मीटरचे होते. उंचीचे महत्त्व ते एवढे.

शर्यतीचे चार टप्पे ५००-५०० मीटरचे मानतात. पहिल्या टप्प्यात सगळेच जोरात सुटतात, चौथ्यात शेवट जवळ आलेला असतो. खरा कस लागतो तिसऱ्या टप्प्यात. पाय जळू लागलेले असतात, श्वास पुरत नाही आणि अजून जवळपास अर्धी शर्यत बाकी असते. सोळाशे मीटर धावणाऱ्या सैन्यभरतीच्या मुलांना मी तिसऱ्या फेरीबद्दल जे सांगतो, ते इथेही तंतोतंत लागू पडते.

हे मी पुस्तकी ज्ञानावर लिहीत नाही. बेळगावच्या एका व्यायामशाळेत रोइंगचे यंत्र आहे. खेळाडू त्याला ‘अर्ग’ म्हणतात. साखळीला जोडलेली मूठ ओढली की समोरचे पंख्याचे चाक फिरते आणि छोट्या पडद्यावर ५०० मीटरला किती वेळ लागेल हे फटक्यागणिक दिसते. माझा एक माजी विद्यार्थी बेळगावात कॉलेजला आहे, सहा फूट दोन इंचांचा, कबड्डीत कोपरा सांभाळणारा. त्याला मी त्या यंत्रावर बसवले. पहिल्या मिनिटात त्याने सगळी ताकद दंडांतून लावली, मूठ हनुवटीपर्यंत ओढली आणि पडद्यावरचा आकडा काही केल्या दोन मिनिटांच्या खाली येईना. मान ताठ, गाल लाल, खांदे कानांपर्यंत चढलेले. तिथले प्रशिक्षक निवृत्त सैनिक. त्यांनी त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, “हात विसर बाळ. फळी ढकल, जणू मोटार ढकलतो आहेस.” पुढच्या दहा-बारा फटक्यांत त्याचे खांदे खाली आले, साखळीचा आवाज एकसारखा होऊ लागला आणि आकडा एक मिनिट पन्नासच्या आत गेला. फार वेळ तो टिकला नाही. उतरला तेव्हा पोटऱ्या थरथरत होत्या आणि तळहातावर बोटांच्या मुळाशी लालसर वळ उठले होते. पण पायांची ताकद त्याच्यात होती, ती कुठून काढायची एवढेच त्याला कुणी सांगितलेले नव्हते.

दत्तूला ते सांगणारे भेटले. पुण्याच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे सीएमईत, सैन्याचे नौकानयन केंद्र आहे. तिथे तो घडला. २०१५ मध्ये बीजिंगला झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने एकेरीत रौप्यपदक मिळवले. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे आशिया व ओशनियाची ऑलिंपिक पात्रता स्पर्धा झाली, तिथेही तो दुसरा आला आणि रिओचे दार उघडले. रिओला गेलेला तो भारताचा एकमेव नौकानयनपटू होता. या आनंदाला घरी एक काळी किनार होती. त्याच वर्षी त्याच्या आईच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली होती आणि मुलाने काय मिळवले आहे हे समजण्याच्या स्थितीत ती नव्हती. जिच्यासाठी सैन्यात गेलो तिलाच आपली ओळख पटू नये, आणि तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्यावर हजर व्हावे लागावे, यातले दुःख शब्दांत मांडणे मला जमणार नाही.

रिओतील त्याचा प्रवास आकड्यांतून पाहण्यासारखा आहे. ६ ऑगस्टला रॉड्रिगो द फ्रैतास सरोवरावर वाऱ्याने लाटा उठल्या होत्या, अनेक नामवंतांचा तोल गेला, आणि दुसऱ्या दिवशीच्या शर्यती तर वाऱ्यामुळे रद्दच कराव्या लागल्या. त्या खवळलेल्या पाण्यात दत्तू प्राथमिक फेरीत ७ मिनिटे २१.६७ सेकंदांत तिसरा आला आणि उपांत्यपूर्व फेरीत पोचला. तिथे त्याने ६ मिनिटे ५९.८९ सेकंदांची वेळ दिली, पण तो चौथा राहिला. पुढे जाणारे तिघेच होते. एका क्रमांकाने पदकाकडे जाणारा रस्ता बंद झाला. अशा पराभवानंतर उरलेल्या शर्यती केवळ पार पाडणारे खेळाडू आपण पाहतो. दत्तू त्यानंतर दोनदा पाण्यात उतरला आणि शेवटच्या शर्यतीत त्याने त्या ऑलिंपिकमधली स्वतःची सर्वोत्तम वेळ दिली. मुलांना मी रिओ सांगतो तेव्हा सर्वांत जास्त वेळ इथेच थांबतो.

दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, इंडोनेशियातील पालेमबांग येथे आशियाई खेळांतील नौकानयन स्पर्धा झाल्या. एकेरीत दत्तूकडून पदकाची अपेक्षा होती. आजारी अवस्थेत उतरलेला दत्तू अंतिम शर्यतीत सर्वांत शेवटी राहिला. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, तो पुन्हा नौकेत बसला, या वेळी चौघांच्या नौकेत. सवर्ण सिंग, ओमप्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू भोकनळ यांनी यजमान इंडोनेशियाला मागे टाकून सुवर्ण जिंकले. चौघेही सैन्यातले. चौघांच्या नौकेत एकाने अंग चोरले तर बाकीच्या तिघांना ते तत्क्षणी वल्ह्यातून कळते, म्हणून आदल्या दिवशी कोसळलेल्या साथीदारावर त्या तिघांनी टाकलेला विश्वास मला सुवर्णाइतकाच मोलाचा वाटतो. त्या एकेरीच्या शर्यतीवरून पुढे भारतीय नौकानयन महासंघाने त्याच्यावर बंदी घातली आणि कालांतराने ती उठवली. २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

आता थोडे मागे जाऊ. हा खेळ भारतात साहेबांच्या क्लबांमधून आला. कलकत्ता रोइंग क्लब १८५८ चा, मद्रास बोट क्लब १८६७ चा, आणि पुण्याचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने मुळा नदीवरचा आपला रेगाटा, म्हणजे नौकांचा वार्षिक सोहळा, जपला, त्यामुळे मराठी मध्यमवर्गाला या खेळाची थोडीफार ओळख राहिली. पण आशियाई सुवर्णापर्यंत हा खेळ गेला तो क्लबांच्या हिरवळीवरून नव्हे. २०१० मध्ये ग्वांगझूला भारताचे या खेळातील पहिले आशियाई सुवर्ण जिंकले ते बजरंगलाल ताखरने, आणि तो राजस्थानातल्या सीकर जिल्ह्याचा, राजपुताना रायफल्सचा जवान. टोकियो ऑलिंपिकमध्ये अकरावे आलेले अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग हेही शेतकऱ्यांच्या गावांतून सैन्यात आलेले. पॅरिसला गेलेला बलराज पन्वर हरियाणातल्या करनालचा. सीकर, करनाल, चांदवड: यांतले एकही गाव पाण्यासाठी ओळखले जात नाही. या खेळात पाणी नंतर लागते. आधी लागते ते शरीर, ते हेरणारी नजर, आणि तीन-चार वर्षे पोटाची चिंता न करता सराव करू देणारी व्यवस्था. या तिन्ही गोष्टी एकत्र देणारी संस्था आपल्या देशात आजवर सैन्य हीच ठरली आहे.

आमच्या भागात तर पाणीही आहे. हिडकलला घटप्रभेवर ५१ टीएमसीचे धरण आहे, सौंदत्तीजवळ मलप्रभेवर नविलुतीर्थ आहे, आणि निपाणी-चिकोडीच्या अंगाला वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा अशा बारमाही नद्या वाहतात. पूल नव्हते तेव्हा इथले अंबी लोक नावेने माणसे आणि जनावरे पैलतीरी नेत, आणि अडल्या वेळी गुऱ्हाळाची काहीलसुद्धा पाण्यात सोडली जाई. पलीकडे सांगलीत कृष्णेवर पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा काठावर पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे वल्हे या मातीला परके नाही. अलीकडच्या वर्षांत मात्र पाण्याशी असलेले नाते बिघडले आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी थेट पुणे-बेंगळूर महामार्गावर चढले, गावेच्या गावे उठवावी लागली, आणि नदी म्हटले की आईबापांच्या छातीत धस्स होऊ लागले. मुले पोहायला शिकत नाहीत. माझ्या वर्गात पोहता येणाऱ्या मुलांनी हात वर करा म्हटले की वर येणारे हात दर दोन-चार वर्षांनी कमी झालेले दिसतात, आणि याची मला खरोखर चिंता वाटते.

मुलांच्या शरीरात मात्र काही कमी नाही. पहाटे तवंदी घाटात जाऊन पाहा. महामार्गाच्या कडेने भरतीची मुले चढावर धावत असतात, कुणी पाठीवर वाळूची पिशवी घेतलेली असते, आणि परतताना शाळेच्या मैदानावरच्या बीमला, म्हणजे आडव्या दांड्याला, लटकून दहा वेळा अंग वर खेचायची त्यांची धडपड चालते. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत, दहा बीम, नऊ फुटांच्या खड्ड्यावरून उडी: या मापांभोवती आमच्याकडच्या तरुणांची दोन-तीन वर्षे फिरत असतात. यातली बहुतेक मुले मध्यम उंचीची आणि काटक असतात, धावण्याला ती चांगली. पण मधूनच एखादा सहा फूट एक इंचाचा, हात गुडघ्यांकडे लोंबणारा मुलगा दिसतो, जो धावण्यात मागे पडतो आणि म्हणून स्वतःला कमी समजतो. शालेय स्पर्धांत त्याच्यासाठी काय असते? कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, थ्रोबॉल, गोळाफेक. उंची असेल तर त्याला व्हॉलीबॉलच्या जाळ्यापाशी उभे करायचे, हा आम्हा शिक्षकांचा ठरलेला उपाय. त्याच्यासाठी आणखी एक खेळ आहे हे त्याला सांगणारे कुणीच नसते. कुस्तीचे तसे नाही. तालमी गावोगाव आहेत, बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राची बॉइज स्पोर्ट्स कंपनी आहे, कुस्तीतला मुलगा कुठे जातो हे पालकांना ठाऊक असते. नौकानयनाची वाट इथे कुणी चाललेलेच नाही.

सीमाभागातल्या मुलाला आणखी एक अडचण असते. शिक्षण मराठीत, स्पर्धा कर्नाटकाच्या, बातम्या महाराष्ट्राच्या; अर्ज कुठे करायचा, कुठल्या बाजूचा दाखला चालेल, यातच त्याचा हुरूप अर्धा होतो. सैन्यात गेल्यावर हा प्रश्न मिटतो. राष्ट्रीय स्पर्धेत तो कर्नाटकाचाही नसतो आणि महाराष्ट्राचाही नसतो, तो सेनादलाचा असतो. आमच्याकडच्या मुलांसाठी ही फार मोठी मोकळीक आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

काळ मात्र दत्तूच्या वेळेसारखा राहिलेला नाही, आणि यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली भरतीची. २०२२ पासून अग्निपथ योजनेत सुरुवातीची सेवा चार वर्षांची आहे आणि त्यानंतर एक चतुर्थांश जणांनाच कायम केले जाते. दत्तूला एकविसाव्या वर्षी सुरुवात करून ऑलिंपिक गाठायला चार वर्षे लागली, आशियाई सुवर्णाला सहा. भरतीनंतर खेळ शिकायला सुरुवात करणाऱ्याच्या हातात आज तेवढा निवांत काळ असेल हे गृहीत धरता येणार नाही, म्हणून भरतीआधीच मुलाला अर्गची, पोहण्याची आणि पायांनी रेटा देण्याच्या पद्धतीची ओळख झालेली असणे आवश्यक झाले आहे. दुसरी गोष्ट खेळातल्या बदलाची. हलक्या वजनाच्या गटात पुरुषांना ७२.५ किलोची मर्यादा असे आणि आपल्या अनेक खेळाडूंनी नाव मिळवले ते याच गटात. अर्जुनलाल आणि अरविंद टोकियोत याच गटात होते. पॅरिस २०२४ हे त्या गटाचे शेवटचे ऑलिंपिक ठरले. २०२८ च्या लॉस एंजेलिसला तो गट नाही, शर्यतही २००० ऐवजी १५०० मीटरची होणार आहे. म्हणजे यापुढे मध्यम उंचीच्या चपळ खेळाडूला ऑलिंपिकमध्ये वेगळा गट नाही. जो उंच आणि धिप्पाड आहे त्यालाच शोधावे लागेल.

या साऱ्याचा विचार करून मी माझ्या शाळेपुरते एक काम सुरू केले आहे. आठवी ते दहावीच्या सर्व मुलामुलींची उंची आणि दोन्ही हात पसरल्यावर मधल्या बोटांच्या टोकांमधले अंतर मी दर जूनमध्ये वहीत नोंदवतो. बहुतेकांत ही दोन मापे जवळपास सारखी येतात. ज्यांचे हात उंचीपेक्षा लांब आहेत त्यांच्या नावापुढे खूण करतो. या नोंदीत मुलीही आहेत हे मुद्दाम सांगतो, कारण मुलींची उंची आमच्याकडे लग्नाच्या वेळची अडचण म्हणूनच मोजली जाते. खूण केलेल्या मुलांकडून दोरीच्या उड्या, बैठका आणि चढावरचे धावणे वेगळे करून घेतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी आधी पोहायला शिकावे असा आग्रह धरतो.

पालकांशी बोलणे हे त्याहून अवघड काम. मागच्या वर्षी एका मुलाचे वडील म्हणाले, “सर, पोरगं वल्हं मारून काय करणार? भरतीला लागलं म्हंजे आम्ही सुटलो.” त्यांचे चुकत नव्हते. मी त्यांना दत्तूची गोष्ट सांगितली, पण ऑलिंपिकपासून नाही, विहिरीपासून. वडील गेलेला मुलगा, भरती, खडकी, आणि तिथे कुणीतरी त्याच्या उंचीकडे पाहणे, इथपर्यंत ते शांतपणे ऐकत होते. खेळासाठी भरती सोडायची नाही, भरतीला जाताना हातात आणखी एक गोष्ट घेऊन जायचे आहे, हे त्यांना पटले असावे. मुलगा आता रविवारी पोहायला येतो.

या परिसरातले जे जवान सध्या खडकीच्या बीईजीत किंवा सीएमईच्या नौकानयन केंद्रात आहेत, त्यांना माझी विनंती आहे. नवीन मुलांची निवड करताना तिथे उंची, हातांची लांबी आणि अर्गवरची वेळ यांची कोणती मापे लावली जातात, हे मला कळवावे. सुट्टीवर आलात तर एक दिवस शाळेत यावे आणि गणवेशात नव्हे, सरावाच्या कपड्यांत यावे. मुलांना तुमचे तळहात पाहू द्यावेत. बेळगावच्या व्यायामशाळेतल्या त्या यंत्रावर आठवड्यातून एकदा दहावीच्या मुलांना बसू देण्यासाठी तिथल्या प्रशिक्षकांनी होकार दिला आहे, जाण्यायेण्याचा खर्च काही माजी विद्यार्थी उचलणार आहेत, आणि पहिली तुकडी दिवाळीनंतर जाईल.